बाहेरची कडी

"दादा, मागच्या दाराला बाहेरून कडी का घातली आहे? आत कोण आहे?"

अजिनाथनं मोबाईलवरची ही कॉमेंट मोठ्यानं वाचली आणि सहादेवची मोजणी तुटली. फर्म्यावर तांब्याची तार वेढली जात होती, उजवा हात दांडा फिरवत होता, डाव्या चिमटीतून तार तापत सरकत होती आणि ओठांच्या आत आकडे चालले होते. ते तिथंच थांबले. पुढचा आकडा आठवेना. वेढे चुकले की मोटर तापते, तापली की जळते, हे त्यानंच एका व्हिडिओत बोट नाचवून सांगितलं होतं. आता सगळी तार उलगडावी लागणार. त्याला हे विचारणाऱ्या माणसाचं थोबाड बघायचं होतं. व्हिडिओ होता मोटर जळली की नाही ते साध्या बल्बनं कसं तपासायचं, यावर. सहादेव स्वतः पुढं मांडी घालून बसलेला, मांडीत काळीठिक्कर पडलेली मोटर, हात वार्निशनं चिकट, घसा कोरडा पडेपर्यंत समजावतोय. आणि हा हरामखोर कुठं बघतोय, तर मागं. दुकानाच्या मागच्या भिंतीत एक दार आहे, त्याला एक लोखंडी कडी आहे, ती कोयंड्यात अडकवलेली आहे. एवढं बघायला याला डोळे आहेत. याच्या विहिरीतली मोटर जळू दे, नाहीतर हा जळू दे.

"कोण हाय हा?"

"नाव न्हाई दाजी. फोटोच्या जागी गुलाबाचं फूल हाय."

"उडव."

"उडवायचं नसतं." अजिनाथनं मान वर केली नाही. तो खुर्चीत पाय वर घेऊन बसला होता, मोबाईल पोटाशी. "खाली अंगठे बघा की किती पडल्यात. तुमच्या बल्बला एवढे पडले न्हाईत."

अजिनाथ हा रेश्माचा, म्हणजे सहादेवच्या बायकोचा, धाकटा भाऊ. आधी त्याचं रिचार्जचं दुकान होतं, लोक घरबसल्या रिचार्ज मारायला लागल्यावर ते बसलं. मग तो नेवासा रोडला दाजींच्या वाइंडिंगच्या दुकानात येऊन टेकला आणि एक दिवस मोबाईल उभा करून म्हणाला, दाजी, आता बोला. सहादेव शाळेत कधी फळ्यासमोर उभा राहून दोन वाक्यं बोलला नव्हता. पण मोटर हातात असली की त्याची जीभ सुटायची. सुरुवातीला तो मनाला येईल ते बोलला, आणि कुणी बघितलं नाही. मग अजिनाथनं रीत बसवली. दुपारी गिऱ्हाईक कमी असलं की तो कॉमेंटी वाचायचा. स्तुती सोडून द्यायची, तिच्यात काही नसतं. शिव्या सोडून द्यायच्या, त्यांच्यातही काही नसतं. राहिले प्रश्न. प्रश्न म्हणजे मागणी, असं अजिनाथ म्हणायचा. "स्टार्टर गुंगतो पण मोटर उचलत नाही, काय करू?" घ्या, हा झाला व्हिडिओ. "पाणी येतं न् मधीच बंद पडतं." हा दुसरा. ज्या प्रश्नाला अंगठे जास्त, तो आधी. सहादेवला हे बरं वाटत गेलं होतं, ही गोष्ट आता आठवली की त्याला स्वतःचा राग येतो. कुठं वैजापूरच्या वस्तीवरचा माणूस, कुठं पाथर्डीचा, आपल्याला विचारतोय. आपण सांगतोय. आधी जे नुसतं हाताला माहीत होतं ते शब्दांत यायला लागलं. रात्री जेवताना तो रेश्माला म्हणायचा, आज लोकांनी काय विचारलं माहितेय का. लोक. जणू ते याच्या ओट्यावर येऊन बसत होते. लोकांनी विचारायचं आणि यानं सांगायचं, अशी सवय त्यानं त्यांना लावली, आणि आपल्यालाही. आता त्यांनी दाराचं विचारलं.

मागच्या दारावर आतून थाप पडली. एक, मग जरा थांबून आणखी. मग आतून बनुबाईचा, सहादेवच्या आईचा, आवाज आला, लगबगीचा, पाहुण्याची चाहूल लागलेल्या बाईचा. "अरं, दार वाजतंय. कुणीतरी आलंय. बघ की रं."

तीच वाजवायची आणि तीच सांगायची. दिवसातून कितीदा तरी. आपल्या हाताचा आवाज आपल्याच कानाला पाहुणा वाटायचा तिला. पहिल्यांदा झालं तेव्हा सहादेव हसला होता. रेश्माही पदर तोंडाला लावून हसली होती. नंतर हसू आलं नाही. नंतर तो ओरडायचा, कोणी न्हाई आई, गप बस. मग तेही सोडलं. व्हिडिओच्या वेळी हा आवाज यायचाच, तेव्हा अजिनाथ म्हणाला, आवाज नंतर काढता येतो. पण नुसता काढला की तिथं सहादेवचे ओठ हलायचे आणि बहिरेपणा यायचा. म्हणून तिथं त्यानं ढोलकी टाकली. धिन् तिन्, दोन थापा. बघणाऱ्यांना ती आवडली. ढोलकी वाजली की समजायचं सहादेवभाऊंनी मुद्द्याचं सांगितलं, असं एकानं लिहिलं होतं. त्याच्याखाली पुष्कळ अंगठे होते. मूर्ख साले. त्या प्रत्येक ढोलकीखाली म्हातारी आहे.

त्यानं तार उलगडायला घेतली. उलगडलेली तार पुन्हा सरळ बसत नाही, तिला आधीच्या वळणाची सवय लागलेली असते, बोटाखाली ती वाकड्या वाकड्या उड्या मारते. कडी का घातली. का घातली ते सांगू? तू ये इथं, गुलाबाच्या फुला. गेल्या पावसाळ्याआधी ती बाजाराच्या दिवशी निघाली, कुणाला कळलं नाही. गर्दीतून, भाजीच्या पाट्यांमधून, स्टँडच्या मागून थेट रुळावर. लोकांनी सांगितलं, एक म्हातारी सिग्नलकडं चाललीय, हातात रिकामी पिशवी आहे. सहादेव चप्पल न घालता पळाला. खडी पायात घुसत होती. ती दोन रुळांच्या मधून चालली होती, अगदी ताठ, लग्नाला निघाल्यासारखी. त्यानं दंड धरला तर तिनं त्याच्याकडं अनोळखी नजरेनं बघितलं आणि म्हणाली, "मला काष्टीला जायचंय, माझं पोरगं झाडाला बांधलेलं हाय." मागून गाडीचा भोंगा आला. त्यानं तिला उचललंच. ती हलकी होती, तिचं हलकेपण अजून त्याच्या दंडात आहे, वेळीअवेळी जाणवतं, मोटर उचलताना तर हमखास. त्या दिवशी संध्याकाळी त्यानं कडी आणली. आतली कडी स्क्रू फिरवून काढून टाकली, कारण तिनं एकदा आतून लावून घेतली तर काय करणार. बाहेरची बसवली. हे सगळं त्यानं नीट, पातळी बघून, मजबूत केलं. तो हाताचा चांगला आहे.

आणि बांधलेलं पोरगं म्हणजे तोच. काष्टीत दुसऱ्याच्या शेतात ती कांद्याची खुरपणी करायची आणि त्याला बांधाच्या बाभळीला बांधून ठेवायची. कमरेला सुती दोर, गाठ पाठीमागं, त्याच्या हाताला लागू नये म्हणून. सगळ्याच बाया बांधायच्या. विहीर जवळ असायची, विंचू असायचे, करणार काय. त्याला ती गाठ आठवते. गाठीचा चेहरा कधी दिसला नाही, पण मणक्यावर टेकायची ती जागा अजून ओळखीची आहे. दोराला ओल्या गवताचा आणि घामाचा वास होता. तेव्हा कुणी विचारलं नाही तिला, ए बाई, पोराला दोर का बांधलाय म्हणून. तेव्हा कुठं होते हे सगळे कळवळ्याचे? त्याला हा मुद्दा बरोबर सापडल्यासारखा वाटला, वाइंडिंगमध्ये शॉर्ट सापडावा तसा. पण मुद्दा सापडल्यावर हात पुसून मोकळं व्हायचं असतं, ते होईना. कारण त्या मुद्द्याला दुसरी एक गोष्ट चिकटून आली. ती कांद्याच्या वाफ्यातून, दिसायचीही नाही इतक्या लांबून, खाली मान घालून सारखी ओरडायची, "हाय का रं?" आणि तो झाडाखालून ओरडायचा, "हाय!" सारखी. काम चालू आणि ओरडणं चालू. बाकीच्या बाया हसायच्या, बनुबाईचा वायरलेस म्हणायच्या. तो कंटाळायचा, मुद्दाम गप्प बसायचा. मग ती खुरपं टाकून पळत यायची.

त्यानं मान झटकली. घाम डोळ्यात गेला होता.

संध्याकाळी रेश्मा आली. ती मेन रोडला साड्यांच्या दुकानात उभी असते, दिवसभर पदर पसरून दाखवते, घरी आली की तिच्या टाचा सुजलेल्या असतात. अजिनाथनं बहिणीला कॉमेंट दाखवली. रेश्मानं ती उभ्यानंच वाचली, मोबाईल परत त्याच्या मांडीवर टाकला.

"लिहिणाऱ्याला म्हणावं, ये. एक दिवस बस तिच्यापाशी. हगणं-मुतणं काढ. मग आपण दोघं मिळून कडी काढू."

"अक्का, तसं न्हाई लिहिता येत."

"मग वाचतो कशाला? वाचायचा शौक लागलाय तुमाला दोघांना." ती कडी काढून आत गेली. आतून बनुबाईचा आवाज आला, "कोण गं तू?" आणि रेश्माचा, अगदी दमलेला, "मी हाय आत्या. उठा, हात धुवा." सहादेवला वाटलं, ही रोज सांगते, मी हाय. रोज. आपण शेवटचं कधी सांगितलं?

दुसऱ्या दिवशी अजिनाथनं कुठल्याशा चौकातला उतरवलेला वाढदिवसाचा फ्लेक्स आणला. कुण्या पुढाऱ्याचा, हात जोडलेला, माणसाच्या दीडपट. तो उलटा करून, पांढरी बाजू पुढं घेऊन, दाराच्या चौकटीवर टांगला. आता मोबाईलमध्ये मागं नुसतं पांढरं. सहादेवला हलकं वाटलं. पण संध्याकाळी रेश्मानं कडी काढून दार आत ढकललं, तर चौकटीत बनुबाईसमोर तो पुढारी उभा, हात जोडून, दात दाखवत. म्हातारी दचकली नाही. तिनं डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाली, "या, बसा की. हुभं का? चहा टाकते." आणि चहा टाकायला ती खोलीभर चूल शोधत फिरली. त्या रात्री रेश्मा जेवली नाही. सहादेवनं फ्लेक्स काढला नाही.

फ्लेक्सनं काही झाकलं नाही. आतून म्हातारीनं दार ओढलं की फटीतून मागच्या खिडकीचा वारा यायचा आणि फ्लेक्स पोट भरल्यासारखा फुगायचा, मग बसायचा. लोकांनी तेच धरलं. "दुकानात पंखा नाही, मग पडदा हलतोय कशानं?" "आधी दार होतं, आता झाकलं. दाल में कुछ काला." "भाऊ, आत कोणाला कोंडलंय, बायकोला का?" त्याखाली हसणारी तोंडं, पिवळी, डोळ्यांतून पाणी काढणारी. एकानं जुने व्हिडिओ उकरून लिहिलं होतं की ढोलकीच्या आधी क्षणभर बाईचा आवाज येतो, कान देऊन ऐका. लोक कान देऊन ऐकायला लागले. मोटरीचं कुणी विचारेना. स्टार्टर गुंगू दे नाहीतर मरू दे, यांना बाई पाहिजे. सहादेव आता स्वतःच कॉमेंटी वाचायला लागला, संडासात, रसवंतीवर, झोपायच्या आधी. त्याला चीड यायची आणि ती चीड तो पुन्हा पुन्हा जाऊन घेऊन यायचा, दुखऱ्या दातावर जीभ फिरवल्यासारखी. ही माणसं असतील कशी? घरी यांच्या कोण म्हातारं असेल? का सगळ्यांनी आपापली म्हातारी कुठंतरी नीट लावून टाकलीय आणि आता निवांत, पोटं वर करून, माझ्या दारात बघत बसलेत? अजिनाथला मात्र आनंद लपवता येत नव्हता. बघणारे वाढले होते.

"दाजी, चिडू नका. मी काय म्हणतो ते ऐका. लोक मागत्यात. आपली रीत काय हाय? लोक मागत्यात ते द्यायचं. एक व्हिडिओ. तुमी बसायचं दारापुढं, सांगायचं सगळं, रुळाचं, बांधायचं, समदं. मग दार उघडायचं. मावशी बाहेर. बास. लोक रडतील."

"रडतील का?"

"ढसाढसा."

"मग त्यांना त्यांच्या घरी रडता येत न्हाई का, भाड्यांना?"

अजिनाथनं मान परत मोबाईलमध्ये घातली. पण तो निराश झालेला नव्हता. तो वाट बघणारा माणूस होता, आणि कॉमेंटी त्याच्या बाजूनं होत्या.

मग शमशेर आला. भरदुपारी छोटा टेम्पो दुकानापुढं लागला, मागं दोराला बांधलेली मोटर, गाळानं माखलेली. कोल्हारचा शेतकरी, प्रवरेकाठी ऊस, पन्नाशीचा, दाढीत पांढरं. त्यानं आणि अजिनाथनं मोटर खाली घेतली. सहादेवनं कव्हर उघडून वास घेतला. जळलेलीच.

"गेली भाऊ. वाइंडिंग करावं लागंल."

"करा की. तुमच्याकडंच आणायची म्हणून कोल्हारातनं आणली, रस्त्यात काय कमी दुकानं हायेत व्हय?" शमशेर बोलत होता पण त्याची नजर सहादेवच्या खांद्यावरून मागं जात होती. "आमच्या घरची, सुमैरा, तुमचा एक व्हिडिओ सोडत न्हाई. तिला मोटरीतलं काय कळतं का? न्हाई कळत. तरी बघती." तो जरा हसला. "निघताना म्हणली, मोटरीचं नंतर बघा, आधी ते दार बघून या. हाच का तो फ्लेक्स?"

सहादेवच्या हातात पाना होता. तो त्यानं खाली ठेवला नाही. "शमशेरभाई, मोटर टाकली ना? मग निघायचं."

"रागावू नका."

"रागावतो कशाला? तिकीट लावतो. दोनशे मैलांवरनं लोक येतील आता दार बघायला. तुमच्या घरच्यांना पण आणा, पोरं आणा, हिथंच बसून भेळ खा."

तेवढ्यात थाप पडली. फ्लेक्स फुगला. "अरं, दार वाजतंय. कुणीतरी आलंय. उघड की."

रस्त्यावरून उसाची रिकामी बैलगाडी खडखडत गेली. शमशेरनं टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली.

"आई हाय का?"

सहादेवनं पाना खाली ठेवला.

"माझी अम्मी अशीच हुती," शमशेर म्हणाला. हे तो सहादेवला सांगत नव्हता, फ्लेक्सकडं बघून बोलत होता. "नदीकडं पळायची. कवाबी. आमी तिच्या पायाला घुंगरू बांधला. शेळीला बांधत्यात त्यो. मंग ती जाईल तिथं आवाज. रानात गेली, आवाज. मोरीत गेली, आवाज. सुमैरा सैपाक करता करता कान ठिवायची. पैल्यांदा बांधला तवा अम्मी लई रडली, म्हणली मला जनावर केलं. मंग विसरली. मंग नाचून दाखवायची पोरांना. गेली ती परसाल. घुंगरू हाय अजून, शेळीलाच परत बांधलाय. पर सुमैरा अजून मधीच उठती बघा, कुठं चालली म्हणून."

त्यानं सहादेवच्या दंडाला नुसता हात लावला, टेम्पोत बसला आणि गेला. सहादेव तिथंच उभा होता. त्याला शमशेरचा राग यायला हवा होता. तोंडात सगळ्या शिव्या तयार होत्या आणि त्या आता कुणाला घालाव्यात ते कळेना. कुणी दुष्ट सापडला असता तर बरं झालं असतं. गुलाबाचं फूल कुणाचं होतं? सुमैराचं असेल. नसेलही. पण त्याला आता ते तोंड दिसायला लागलं होतं, चुलीपुढं बसलेलं, कान लावून, कुणाच्या तरी पायाचा आवाज ऐकणारं. मग त्याच्या मनात आलं, घुंगराला माणूस लागतो. ऐकणारा. कडीला काही लागत नाही.

"दाजी," अजिनाथ मागून म्हणाला. त्याचा आवाज भरून आल्यासारखा होता, "घुंगराचा पॉइंट लई भारी हाय. आपल्याला वापरता येईल. मावशीच्या पायाला..."

सहादेवनं वळून फ्लेक्स ओढला. दोऱ्या तटातट सुटल्या, पुढारी जोडलेल्या हातांसकट खाली आला, त्याच्या तोंडावर पाय देऊन सहादेव उभा राहिला. दार उघडं पडलं. म्हणजे दिसायला लागलं. कडी कोयंड्यात होती तशीच, तेल दिलेली, गंज नसलेली.

"लाव," तो म्हणाला.

"काय लावू?"

"तुझा मोबाईल. लाव. त्यांना दार पाहिजे ना? देतो दार. भडव्यांनो, घ्या म्हणतो दार."

अजिनाथनं क्षणाचाही उशीर केला नाही. तिकाटणं मांडलं, मोबाईल बसवला, खुर्ची दारापुढं ठेवली, दारावर उन्हाची तिरीप येते तिथून जरा सरकवली. सहादेव बसला. राम राम शेतकरी बंधूंनो, असं तो रोज म्हणायचा आणि तो शब्द पाण्यासारखा यायचा. आज "राम राम" आला आणि पुढं शेतकरी बंधू येईनात. मोबाईलच्या काचेवर त्याचं स्वतःचं तोंड दिसत होतं, लहान, घामट, आणि त्याच्या मागं दार. त्याला पहिल्यांदा ते तिकडून दिसलं. एक माणूस पुढं बसून बडबडतोय आणि मागं कडी. कुणीही विचारलं असतं. त्यानंही विचारलं असतं. त्याला सांगायचं होतं की माझ्या कमरेलाही दोर होता. पण मग सांगावं लागलं असतं की ती ओरडून विचारायची, आणि मी ढोलकी टाकतो. ते सांगायला त्यानं तोंड उघडलं. ओठ हलले असतील. अजिनाथ मोबाईलमागून हातानं खुणावत होता, बोला, बोला.

मागं थाप पडली. "अरं, दार वाजतंय."

तो उठला. खुर्ची मागं आपटली. तो दारापाशी गेला, कडीला हात लावला आणि एकदम काढवेना. इतके दिवस तो कडी काढून आत घुसत आला होता, मोटरीचं झाकण काढावं तसा. त्यानं बोटाच्या पेरांनी दारावर टकटक केली. बाहेरून. हलकेच.

आत सगळं शांत झालं. मग पायांचा सरसर आवाज, मग पदर सावरत असल्यासारखी थोडी वाट, मग तिचा आवाज, प्रसन्न, घरच्या बाईचा.

"या की. दार उघडंच हाय."

त्यानं कडी काढली. आत मुताचा, तेलाचा आणि भिंतीच्या चुन्याचा वास होता. खिडकीतून येणाऱ्या उजेडाचा पट्टा गोधडीवर पडला होता. म्हातारी उभी होती, त्याच्या छातीएवढी, डोक्यावर पदर, आणि तिनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहुण्यासारखं बघितलं. मागं दार आपोआप उघडत राहिलं, फरशीचा उतार आतल्या बाजूला आहे. त्या उघड्या दारातून मोबाईलचा काळा डोळा थेट गोधडीपर्यंत पोचत होता, त्याच्या मागं अजिनाथ, त्याच्या मागं रस्ता. म्हातारीची नजर रस्त्याकडं गेली. तिचे पाय हलले. सहादेवनं दार लोटलं, ते परत आलं. पुन्हा लोटलं, पुन्हा आलं. आतल्या बाजूला कडीच्या जागी स्क्रूची चार भोकं होती.

"अजिनाथ, कडी घाल."

"बाहेरून?"

"बाहेरून. आन् बंद कर ते. मी बसतो हिथं जरा."

"बरं दाजी." कडी पडली. आतून तिचा आवाज वेगळा येतो. बाहेरून ती खट्कन बसते, काम झाल्यासारखी. आतून तो आवाज डोक्याच्या मागच्या बाजूला, मानेच्या खाली कुठंतरी येतो, गाठीच्या जागी. तो गोधडीवर बसला. ती त्याच्या शेजारी बसली, गुडघे छातीशी घेऊन. बराच वेळ दोघं दाराकडं बघत राहिले. दाराला खालच्या अंगाला, तिचा हात पोचतो तिथं, रंग गुळगुळीत झाला होता. बाकी काही नव्हतं. त्याला वाटलं होतं आत काहीतरी असेल. बघण्यासारखं काही नव्हतं, एवढंच त्या लोकांना सांगता आलं असतं. एक दार होतं, आणि ते दिवसभर बघायचं होतं.

ती त्याच्याकडं न बघता म्हणाली, "हाय का रं?"

"हाय," तो म्हणाला.

"मंग बरं," ती म्हणाली, आणि खुरपणीतून मान वर केल्यासारखी सैल झाली.

तेव्हाच बाहेरून आवाज आला. अजिनाथचा. त्याचा रोजच्या बोलण्यातला नव्हे, सहादेवचा व्हिडिओतला, चोरलेला, चढवलेला. "राम राम शेतकरी बंधूंनो! तुम्ही इतके दिवस विचारत होता ना, ह्या दारामागं कोण आहे? तुमच्या कॉमेंटी आम्ही वाचतो बरं का, एक पण सोडत नाही. तर आज..."

सहादेव उठला. "अजिनाथ! बंद कर! कडी काढ!" त्यानं दार ओढलं. दार हललं नाही, कडी त्यानंच बसवलेली होती, पातळी बघून, मजबूत. त्यानं दारावर हात मारले, मग मुठी.

बाहेर अजिनाथ क्षणभर थांबला. मग त्याचा आवाज खाली आला, हळुवार झाला, मोबाईलच्या जवळ गेला. "ऐकताय ना? ऐका. आज ढोलकी नाही टाकणार."

सहादेव मुठी मारत राहिला. मागून म्हातारीनं लगबगीनं डोक्यावर पदर घेतला आणि त्याच्या पाठीला, बरोबर मणक्यावर, बोट लावून हलवलं.

"अरं, दार वाजतंय," ती म्हणाली. "कुणीतरी आलंय. उघड की."